न पिणाऱ्याचा ग्लास

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांचा मेळावा झाला. साठ-पासष्ट जण जमलो होतो. सकाळी वीरनारींचा सत्कार झाला, दुपारी पेन्शनच्या अडचणींवर नेहमीची गरमागरम चर्चा झाली आणि संध्याकाळी एका फौजी भावाच्या शेतात जेवण होतं. आंब्याखाली एक लांब टेबल मांडलेलं. एका टोकाला रम, सोडा, बर्फाची बादली आणि काचेचे ग्लास. दुसऱ्या टोकाला नारिंगी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या आणि कागदी कप. ते टोक बायकापोरांचं. आणि आमचं, म्हणजे न घेणाऱ्यांचं.

मंडळी, मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. त्यातली पंचवीस वर्षं मी टेबलाच्या पहिल्या टोकाला होतो, त्यामुळे कोणाला उपदेश करायचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. रम वाईट, घेणारा वाईट, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं फार छोटं आहे. जो घेत नाही, किंवा ज्याने सोडली आहे, त्याच्या हातात आपण काय देतो, याचा फौजी माणसाने एकदा विचार करावा. आणि द्यायला आपल्याकडे एक चांगली चीज आहे. आपल्याच धुऱ्यावर उगवते. तिचं नाव अंबाडी.

हे मला कसं कळलं, ते आधी सांगतो. मग कृती सांगतो.

माझा एक बॅचमेट होता, सातारा जिल्ह्यातला. 1994 साली आम्ही एकाच दिवशी भरती झालो, ट्रेनिंग सेंटरमध्ये शेजारच्या खाटेवर झोपलो. पुढे पोस्टिंग वेगवेगळी झाली, पण 2015 मध्ये राजस्थानात पुन्हा एकाच युनिटमध्ये आलो. तो हवालदार, मी नायब सुभेदार. चार लोकांत तो मला 'साब' म्हणायचा, एकटे असलो की 'अरे-तुरे'.

त्या डिसेंबरात त्याचं वार्षिक मेडिकल झालं. एमओ साहेबांनी रिपोर्ट पाहून त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं, लिव्हर बिघडायला लागलंय, आता थेंबही नको. गडी शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून त्याने बंद केली. त्याची भिंतीवर कॅलेंडरची एक पट्टी होती, रोज झोपताना तो पेन्सिलीने एक रेघ मारायचा. सत्तेचाळीस रेघा झाल्या होत्या.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी युनिटचा रेझिंग डे होता. बडाखाना. ज्यांना फौजेची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, बडाखाना म्हणजे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एका मांडवात जेवतात. नाचगाणं असतं, थट्टा असते, त्या दिवशी रँक जरा बाजूला असते. माझ्या मित्राच्या हातात कोणीतरी कागदी कपात नारिंगी कोल्ड्रिंक दिलं. एकाने बघितलं आणि ओरडला, "अरे, उस्ताद तो बच्चों की पार्टी में आ गये!" सगळे हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मीही हसलो.

अर्ध्या तासाने तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "लय झालं रे. प्रत्येकाला सांगून सांगून तोंड दुखलं. आज एक घेतो, उद्यापासून पुन्हा बंद." आणि मी त्याचा ग्लास भरला. मी. एमओ साहेबांचा सल्ला मला माहीत होता, रेघा मला माहीत होत्या, तरी भरला. मला वाटलं, मित्राची पंचाईत सोडवतोय.

उद्या काही आला नाही. एप्रिलमध्ये त्याला मिलिटरी हॉस्पिटलला हलवलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलला. कॅटेगरी डाऊन झाली. 2018 साली तो घरी गेला. पेन्शन त्याने जेमतेम दीड वर्ष खाल्ली.

त्याच्या मरणाचं खापर मी एका कागदी कपावर फोडत नाही. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि आजाराची कारणं खोल असतात. पण त्या रात्री तो दारूला हरला नव्हता. तो त्या "का बरं घेत नाही?" या प्रश्नाला कंटाळला होता. चाळीस जणांना चाळीस वेळा उत्तर देऊन. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

तो हॉस्पिटलात होता त्याच उन्हाळ्यातली पुढची गोष्ट. 2016 चा मे महिना. 19 तारखेला फलोदीत 51 अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला उच्चांक. आम्ही तिथून फार दूर नव्हतो. आमच्या टिनाच्या शेडला दुपारी हात लावता येत नव्हता. टाकीतलं पाणी चहा करायला ठेवल्यासारखं कढत यायचं. पोरं ओलं टॉवेल डोक्याला गुंडाळून झोपायची.

युनिटमध्ये एक नायक दक्षिण सुदानच्या यूएन मिशनवरून परत आला होता. त्याच्या ट्रंकेत एक पिशवी होती, काळपट लाल सुकलेल्या फुलांची. म्हणाला, "साब, उधर इसको कर्कदे बोलते हैं. गर्मी में ठंडा पीते हैं, सर्दी में गरम." रात्री त्याने स्टीलच्या जगात पाणी घेऊन दोन मुठी टाकल्या, वर साखर, आणि जगाला ओलं पोतं गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोल कॉलनंतर लंगरातून बर्फ आला. ग्लासात ओतलं तेव्हा सगळे बघतच राहिले. गडद लाल, माणकासारखा रंग. चव आंबट, जराशी तुरट, जिभेला धरून राहणारी.

आमचं युनिट मिश्र, सगळ्या प्रांतांची पोरं. श्रीकाकुळमच्या एका हवालदाराने जगातलं एक भिजलेलं फूल बाहेर काढलं, उलगडून बघितलं आणि हसायलाच लागला. "साब, ये तो गोंगुरा है! हमारे खेत में रस्सी के लिए लगाते हैं." झारखंडच्या शिपायाने ते हातात घेतलं. "कुदरुम है साब, माँ चटनी बनाती है." विजापूरकडचा एक जण म्हणाला, "ही तर आमची पुंडी, हिची पल्या करतात भाकरीबरोबर." बंगालचा म्हणाला मेस्ता, मिझोरामचा म्हणाला अंथुर. मी गप्प होतो, कारण मला ते ओळखीचं वाटत होतं पण नाव आठवत नव्हतं.

रात्री घरी फोन लावला. आम्ही यवतमाळकडचे. मायला वर्णन सांगितलं. लाल, जाड पाकळ्या, आंबट, आत बोंड. माय म्हणाली, "अरे बाप्पा, हे त अंबाडीचं फूल हाय न! धुऱ्यावर लावत होतो आपण. तू लहानपणी खिशात भरून खात जाय."

तेव्हा डोळ्यांपुढे आलं. कपाशीच्या कडेला लावलेली अंबाडी, बाबा तिचा वाख काढून बैलांची दावी वळायचे, माय पाल्याची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करायची. हिवाळ्यात त्या झाडांना लाल बोंडं यायची आणि आम्ही पोरं ती कच्चीच खायचो. सुदानहून विमानाने आलेली चीज माझ्या बापाच्या धुऱ्यावरची निघाली.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण बाजारात यावरून गोंधळ असतो. आजकाल 'हिबिस्कस टी' म्हणून छान डब्यांत, बऱ्याच महाग किमतीला जे मिळतं, त्यावर बहुतेक वेळा देवाला वाहतो त्या लाल जास्वंदीचं चित्र असतं. आत मात्र लाल अंबाडीची बोंडं असतात. जास्वंद आणि अंबाडी एकाच कुळातल्या, सख्ख्या बहिणी म्हणा. अंबाडीचं खरं फूल फिकट पिवळं असतं, मध्ये गडद लाल ठिपका. ते एका दिवसात मिटतं. मग त्याच्याखालचा हिरवट-लाल पेला फुगतो, मांसल होतो, आणि आतल्या बियांच्या बोंडाभोवती घट्ट बसतो. आपण वापरतो ते हे लाल पेले. आणि नाव 'टी' असलं तरी यात चहाची पत्ती नाही, त्यामुळे झोप उडवणारं कॅफिनही नाही. रात्री नऊ वाजता प्यायलं तरी पहाटे पीटीला उठता येतं.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्यात चार-पाच जण न घेणारे होते. एक बनासकांठाचा, घरी माळकरी वळण. एक रोजे ठेवणारा. एकाचं लग्न ठरलं होतं आणि सासऱ्याला शब्द दिला होता. रोज संध्याकाळी ही पोरं जरा लांब बसायची. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात सारखाच काचेचा ग्लास होता, सारखाच बर्फ वाजत होता, आणि ती मधोमध बसली होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मला हॉस्पिटलातला माझा मित्र आठवला. हा जग फेब्रुवारीत असता तर, असं मनात आलं. त्याला आता काही अर्थ नव्हता.

2019 च्या शेवटी तो गेल्याची खबर आली तेव्हा मी आसामात होतो, तेजपूरजवळ. त्याच्या तेराव्याला जाऊन आलो आणि त्या दिवसापासून मी सोडली. मी रोजचा दोन पेगवाला, जास्त नाही. तरी पहिले दोन महिने अवघड गेले. दारूपेक्षा अवघड होतं ते सात वाजता हात रिकामा असणं. ती वेळ झाली की हाताला ग्लास हवा असतो, बर्फाचा आवाज हवा असतो, हळूहळू घोट घेत बसायला काहीतरी हवं असतं. लिंबू सरबत करून बघितलं. दोन मिनिटांत संपतं. चहा चार वेळा झालेला असतो. कोल्ड्रिंकने शुगर वाढते आणि तोंड गोडमिट्ट होतं.

युनिटच्या मागच्या गावात आठवड्याचा हाट भरायचा. तिथे एक बाइदेउ पालेभाजी विकायला बसायच्या. त्यांच्यापुढे एके दिवशी तीच लाल बोंडं दिसली. आसामात तिला टेंगामोरा म्हणतात, टेंगा म्हणजे आंबट; पाला मासळीच्या आंबट रश्श्यात घालतात. मी सगळी टोपली घेतली. बाइदेउंना वाटलं साहेबाच्या घरी मोठं जेवण आहे. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या घरात ही बोंडं संपू दिलेली नाहीत. पाच-सहा वर्षांत चुका करून करून जी कृती बसली ती अशी.

बोंडं कुठून आणायची? अंबाडी पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरतात आणि लाल बोंडं नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतात. गावाकडे ओळख असेल तर ताजी मागवा. बुडाकडून चाकूने गोल काप द्या, आतलं बियांचं बोंड बाहेर ढकला, लाल पाकळ्या वेगळ्या करा. सावलीत, जाळीदार कापडाखाली आठवडाभर वाळवा. दहा किलो ताज्या पाकळ्या वाळून जेमतेम एक किलो उरतात, तेव्हा घाबरू नका. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवल्या की पुढचा अख्खा उन्हाळा निघतो. बिया फेकू नका, धुऱ्यावर टाका.

एक लिटर सरबतासाठी वाळलेली बोंडं 25 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट वाटी. आधी दोनदा पाण्यातून काढा, यात माती आणि कचरा असतो. आता 600 मिलिलिटर पाणी उकळा, गॅस बंद करा आणि मगच बोंडं टाका. अर्धा इंच ठेचलेलं आलं आणि दोन लवंगा टाकल्या तर चवीला जरा धार येते. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. चहासारखं खळखळ उकळत बसू नका. जास्त उकळलं की तुरटपणा वाढतो आणि लाल रंग तपकिरीकडे झुकतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळा, गरम असतानाच 40 ग्रॅम साखर विरघळवा, आणि थंड झाल्यावर 400 मिलिलिटर गार पाणी आणि बर्फ मिळून लिटर पुरा करा. सुरुवातीला अर्क घट्ट ठेवायचा तो याचसाठी. पूर्ण पाण्यात केलं आणि वर बर्फ टाकला की दहा मिनिटांत ते पाणचट होतं. बर्फाच्या ट्रेमध्ये याच अर्काचे खडे लावलेत तर आणखी उत्तम, शेवटचा घोटही पहिल्यासारखाच लागतो.

घाई नसेल तर दुसरी रीत, सुदानवाल्या नायकाची. तीच 25 ग्रॅम बोंडं एक लिटर साध्या पिण्याच्या पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. हे कमी तुरट आणि जास्त सौम्य होतं. मला स्वतःला संध्याकाळसाठी पहिलं आवडतं, दुपारसाठी दुसरं.

ग्लासात ओतताना चिमूटभर काळं मीठ आणि लिंबाची एक चकती. पुदिना ज्याला हवा त्याने घालावा. गूळ वापरला तर चव छान येते पण रंग मळतो. जड, खाऱ्या पाण्यातही रंग मळतो, हे राजस्थानात शिकलो. लिंबू पिळलं की परत उजळतो. हा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणि फौजी बांधवांनो, हे खास तुमच्यासाठी: अॅल्युमिनियमच्या डेगचीत हे करू नका. मी आसामात लंगरवाल्याकडून वीस जणांसाठी करून घेतलं, त्याने नेहमीची डेगची घेतली आणि सगळं सरबत धातूच्या चवीचं झालं. आंबट पदार्थ अॅल्युमिनियमला खातो. बिनकल्हईच्या पितळेलाही. स्टील, काच किंवा चिनी माती. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. उरलेला चोथा लसूण, तिखट आणि गुळाबरोबर वाटला की भाकरीशी चटणी होते.

हिशोब सांगतो. माझ्या कृतीत 200 मिलिलिटरच्या ग्लासात 8 ग्रॅम साखर येते, म्हणजे दोन लहान चमचे. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये 20 ग्रॅमच्या वर असते. आपल्या मेळाव्यात निम्मे लोक शुगरच्या गोळ्या खाणारे. त्यांच्यासाठी बिनसाखरेचं वेगळं ठेवा, मीठ आणि दालचिनीच्या तुकड्यासह. सवय झाली की तेच आवडायला लागतं.

आता औषधाबद्दल. हे पेय ब्लडप्रेशर कमी करतं असं बरंच बोललं जातं. त्यात काही तथ्य आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. प्रेशर किंचित वाढलेल्या 65 जणांपैकी काहींना रोज तीन कप हा चहा सहा आठवडे दिला. वरचा आकडा सरासरी 7 ने उतरला, नुसतं चवीचं पाणी दिलेल्यांचा 1 ने. म्हणजे परिणाम आहे, पण माफक. यावर भरवसा ठेवून गोळी बंद करायचा शहाणपणा कोणी करू नये. उलट प्रेशरची गोळी चालू असेल तर रोज तीन ग्लास सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण दोन्ही मिळून प्रेशर जास्त उतरू शकतं. गरोदर बाईला हे देऊ नये. आणि आंबट असल्याने दातांना बाधतं, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. मी हे औषध म्हणून सांगतच नाही. पाहुण्याच्या हातात द्यायची चीज म्हणून सांगतोय.

आता आक्षेप. गेल्या काही वर्षांत हे बोलल्यावर मला तीन उत्तरं मिळाली.

पहिलं, "लिंबू सरबत काय वाईट?" काहीच नाही, दुपारी द्या. पण संध्याकाळची बैठक तासा-दोन तासांची असते. अंबाडी आंबट-तुरट असल्यामुळे घटाघट जात नाही, घोट घोट घ्यावी लागते. ग्लास तासभर पुरतो. बैठकीला हेच लागतं.

दुसरं, "म्हणजे दारूचं सोंग! लाल रंग दाखवून फसवायचं." हे मला एका वडीलधाऱ्या सुभेदार मेजर साहेबांनी ऐकवलं आणि त्यांचा मी मान ठेवतो. पण साहेब, फसवायचं कोणाला आहे? कोणी विचारलं तर सरळ सांगावं, अंबाडी आहे. मुद्दा एवढाच की विचारायची वेळ येऊ नये. माणूस का घेत नाही हे त्याचं खाजगी आहे. कोणाचं लिव्हर, कोणाची शपथ, कोणाचा धर्म, कोणाच्या बापाने दारूपायी शेत विकलेलं. चाळीस माणसांत ते उगाळायला लावणं ही आपल्या पाहुणचारातली चूक आहे.

तिसरं, सगळ्यात वजनदार. "सरबताने काय कोणाची दारू सुटते?" नाही सुटत. हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जो रोज भरपूर घेतो, त्याने कोणाच्या सांगण्यावरून एकदम बंदही करू नये. हातपाय कापणं, झटके, भ्रम असे धोकादायक प्रकार होऊ शकतात. त्याला डॉक्टर हवा. नोकरीत असेल तर एमओ साहेबांकडे जावं, पेन्शनीत असेल तर ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये. तिथून पुढे मानसोपचाराला पाठवतात आणि त्यात कमीपणा नाही. पण डॉक्टर त्याला सोडवून घरी पाठवतात, त्यानंतरची संध्याकाळ आपल्या हातात असते. बडाखाना आपला, मेळावा आपला, लग्नाचा मांडव आपला. तिथे त्याला पुन्हा टेबलाच्या कोणत्या टोकाला बसवायचं हे आपण ठरवतो. आम्ही फेब्रुवारी 2016 मध्ये चुकीचं ठरवलं.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. पुढच्या कार्यक्रमात टेबल एकच ठेवा. ग्लास सगळ्यांना काचेचे. रमच्या शेजारी, त्याच बर्फाच्या बादलीजवळ, अंबाडीचा जग. पन्नास माणसांना पाव किलो बोंडं आणि अर्धा किलोच्या आत साखर पुरते. दहा लिटर होतं. आदल्या रात्री एका माणसाचं तासाभराचं काम. यापेक्षा जास्त वेळ आपण बॅनरवर कोणाचा फोटो छापायचा यावर घालवतो.

मेळाव्याच्या त्या संध्याकाळी मी पिशवीत दोन लिटर नेलं होतं. कागदी कपांच्या टोकाकडून एक काचेचा ग्लास शोधून आणला, बर्फ घातला, ओतलं आणि रमवाल्यांच्या मधोमध जाऊन बसलो. थोड्या वेळाने एक तरुण पोरगा, सुट्टीवर आलेला, नोकरीला असेल सहा-सात वर्षं, माझ्या खुर्चीजवळ आला. हातात कागदी कप तसाच भरलेला.

"काका, ते काय आहे?"

"अंबाडी. देऊ?"

त्याने आजूबाजूला बघितलं आणि मान हलवली. मी ग्लास भरून दिला. तो का घेत नाही हे मी विचारलं नाही. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. जेवण वाढेपर्यंत दीड तास आम्ही त्याच्या युनिटबद्दल, लेहच्या थंडीबद्दल आणि यंदाच्या कपाशीबद्दल बोलत होतो. निघताना त्याने फक्त एवढं विचारलं, बोंडं कुठे मिळतात.

यंदा धुऱ्यावर दोन ओळी जास्तीच्या पेरल्या आहेत. डिसेंबरात ज्याला हवी असतील त्याने घरी यावं.

जय हिंद.